ट्रॅव्हलरवरचं मोटरहोम: एका दिवाळीपासून पावसाळा संपेपर्यंत

आधी निकाल सांगते, कारणं मग. गाडी उत्तम आहे. त्रास देतं ते गाडीच्या आत बसवलेलं घर. मोटरहोम घ्यायचा विचार असेल तर इंजिनापेक्षा चारपट चौकशी आतल्या पाइपांची, वायरिंगची आणि छताची करा. गेल्या दिवाळीत आमची गाडी ताब्यात आली. कोकण, भंडारदरा, पंढरपूर अशी फिरून तिने एक अख्खा पावसाळाही काढला, म्हणून आता सविस्तर लिहायला बसले.

आम्ही कामोठ्याला राहतो. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. आईंचे गुडघे गेलेत. हायवेवरच्या हॉटेलातलं संडास म्हणजे त्यांना धास्ती. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी प्यायचंच बंद करायच्या, आणि हे त्यांनी आम्हाला कित्येक वर्षं कळूही दिलं नव्हतं. एवढ्या खर्चाच्या मागे खरं कारण हेच. बाकी फिरण्याची हौस वगैरे नंतरची.

ज्या गाडीवर हे घर बांधलंय ती फोर्सची ट्रॅव्हलर ही मिनीबस आहे, २.६ लिटरच्या डिझेल इंजिनाची. शाळेच्या बस, अॅम्ब्युलन्स, कंपन्यांचे पिकअप, लग्नाची वऱ्हाडं, सगळीकडे हीच गाडी धावते. त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावी फिल्टर, बेल्ट, ब्रेकचं सामान मिळतं आणि मिस्त्री बॉनेट उघडून विचार करत बसत नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, कारण कायद्याने ७,५०० किलोपर्यंतचं वाहन हलकं धरलं जातं. मी स्वतः कशेडी, कसारा दोन्ही घाटांत चालवली आहे. लांबीची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, पण स्टिअरिंग हलकं आहे. भरलेल्या गाडीला लिटरमागे नऊ-दहा किलोमीटर मिळतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं भारतीय मानक आहे. काम करून देणारा ‘ते नंतर बघू’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आरसीवर प्रवासी बस आणि आत पलंग, मोरी, फ्रिज, अशा गाडीच्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर वाद ठरलेला.

आता दुरुस्त्या. पहिली माणगावला. पळस्पे फाट्यावरून निघालो, कोलाडच्या पुढे रस्त्याने चांगलंच हलवलं. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये उभे असताना पाण्याचा पंप आपोआप घरघरायला लागला. सगळे नळ बंद, तरी दर मिनिटाला पंप चालू. या पंपात प्रेशर स्विच असतो, पाइपातला दाब उतरला की तो पंप सुरू करतो. म्हणजे नळ बंद असूनही पंप चालत असेल तर बहुतेक पाणी कुठेतरी गळतंय. सिंकखालचा कप्पा उघडला तर सीपीव्हीसीच्या, म्हणजे ताठ प्लास्टिक पाइपाच्या, एल्बोला (वळणाच्या जोडाला) केसासारखी चीर आणि खाली प्लायवर थारोळं.

इमारतीतली प्लंबिंग आणि गाडीतली प्लंबिंग यांत इथेच फरक पडतो. भिंतीतला पाइप हलत नाही. गाडीत टाकी एकीकडे हलते, सिंक दुसरीकडे, आणि मधला सोल्यूशनने चिकटवलेला ताठ पाइप प्रत्येक खड्ड्याला एल्बोवर ताण घेतो. आमच्या गाडीचं आतलं काम ज्यांनी केलं त्यांनी सगळीकडे असाच ताठ पाइप टाकला होता. माणगावचा प्लंबर नवा एल्बो चिकटवायला तयार होता. पण सामान आणायला गेलो तिथे शेजारच्या कृषी सेवा केंद्रातले काका म्हणाले, “ताई, फवारणीचा जाळीवाला पाइप न्या. हलला तरी त्याला काही होत नाही.” दोन मीटर पाइप, चार क्लिपा, टेफ्लॉन टेप, आणि तासाभरात आम्ही पुन्हा रस्त्यावर. घरी आल्यावर उरलेली सगळी लाइन तशीच बदलून घेतली. त्यानंतर आजवर एक थेंब गळलेला नाही. पिण्याचं पाणी आमचं पहिल्यापासून वेगळ्या कॅनमध्ये असतं. टाकीचं पाणी भांडी, आंघोळ आणि संडासापुरतंच.

त्याच काकांचं बोलणं पुढे भंडारदऱ्याला उपयोगी पडलं. तिथे पंपाची मोटारच जळाली. बाहेरून मागवलेला पंप, सुटा भाग मिळायचा तर कुरिअरने, आठवड्याने. घोटीच्या बाजारात चौकशी केली तर बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाची नवी कोरी मोटार दुकानात टांगलेली होती. तीही १२ व्होल्टचीच, रबरी पडद्याने (डायाफ्रामने) पाणी ढकलणारीच, दाब वाढला की थांबणारीच. धार निम्म्याहून कमी, आंघोळीला बादली भरायला वेळ लागतो, पण सहल पार पडली. आता तशी एक मोटार आमच्या सामानात कायमची आहे. घेताना सुटी नवी मोटारच घ्यावी. वापरलेल्या फवारणी पंपातली काढून कोणी स्वस्तात देत असेल तर हातही लावू नका, तिच्यातून औषध गेलेलं असतं.

दुसरं मोठं दुखणं विजेचं. गाडीत २०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आहेत, १२.८ व्होल्टच्या, म्हणजे मिळून साधारण पाच युनिट वीज साठते. वर सोलर, शिवाय चालत्या गाडीत इंजिनावरूनही चार्जिंग. त्यासाठी मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. लिथियम बॅटरी भुकेली असली की अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्रातून, मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. हे काम आमच्याकडे व्यवस्थित केलेलं होतं. तरी पंढरपूरच्या वाटेवर फ्रिज सारखा बंद पडायला लागला. मोबाइलवर बघावं तर गाडीची बॅटरी जवळजवळ भरलेली. काम केलेल्यांना फोन केला, ते म्हणाले बॅटरी खराब असेल, काढून पाठवा. दूध, दही आणि आईंचं इन्शुलिन आत असताना हे ऐकून घेणं सोपं नव्हतं.

टेंभुर्णीला हायवेलगतच्या एका वायरमनने गाडी बघितली. वयाने मुलाएवढाच असेल. त्याने आधी बॅटरीवर मीटर लावला, मग फ्रिजच्या मागे, आणि फ्रिज चालू व्हायची वाट बघत बसला. कॉम्प्रेसरने जोर घेतला तसा मागचा आकडा एक व्होल्टहून जास्त पडला. त्याने वायर बोटांत धरली, मलाही धरायला लावली. कोमट लागत होती. “बॅटरी चांगली हाय मॅडम, वायर बारीक हाय.”

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. घरात २३० व्होल्टला ६० वॉटचं उपकरण पाव अँपिअर घेतं, इथे १२ व्होल्टला पाच. दीड चौरस एमएमची तांब्याची वायर, जायला-यायला मिळून बारा मीटर, तर पाच अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच जातो, आणि सुरू होतानाच्या धक्क्याला त्याहून जास्त. फ्रिजचा कॉम्प्रेसर ठरावीक व्होल्टेजच्या खाली स्वतःला बंद करतो. त्या मुलाने सहा चौरस एमएमची वायर टाकली, टोकांना लग (जोडणीच्या धातूच्या टोप्या) दाबून बसवले, बॅटरीजवळ फ्यूज दिला आणि वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घातला, नाहीतर पत्रा हळूहळू वायर कापत राहतो. दुपारचं जेवण आमच्याबरोबर गाडीत जेवला. फ्रिज त्यानंतर एकदाही थांबलेला नाही.

त्या दिवसानंतर यांनी गाडीतल्या प्रत्येक वायरीचा माग काढून कागदावर नकाशा काढला आणि लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून लावला. खरं तर तो नकाशा गाडीबरोबर आमच्या हातात पडायला हवा होता. आता कुठेही वायरमन आला की आधी तो वाचतो, शोधाशोधीचे दोन तास वाचतात. तुम्ही काम करून घेत असाल तर वायरिंग आणि पाण्याच्या लाइनचा नकाशा लेखी मागा आणि तो मिळेपर्यंत शेवटचा हप्ता थांबवा.

कळंबोली जवळ असण्याचा फायदा वजनाला झाला. स्टील मार्केटकडे वजनकाटे पावलोपावली. टाकी भरून, सामान भरून, सगळे आत बसून आधी पूर्ण गाडी तोलली, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. मग काटेवाल्याला विनंती करून एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर, असंही केलं. डावी बाजू सव्वाशे किलोच्या वर जड निघाली! पाण्याची टाकी, बॅटऱ्या, स्वयंपाकाचा ओटा, सगळं डावीकडेच बसवलेलं. नवी गाडी एका अंगाला किंचित झुकलेली का दिसते, डावा टायर लवकर का झिजतो, याचं उत्तर मिळालं. बॅटऱ्या उजवीकडे हलवल्या आणि कशेडीच्या वळणांवर फरक लगेच जाणवला. हे तोलणं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. खर्च किरकोळ, आणि गाडी घेतल्या घेतल्या केलं तर काम करणाऱ्याकडून फुकट दुरुस्त करून घेता येतं.

ड्रॉवरच्या कड्या, कपाटांचे बिजागर, सैल होणारे स्क्रू यांवर जास्त लिहीत नाही. कड्या दाबून उघडायच्या घ्या, चुंबकाच्या पहिल्याच घाटात उघडतात.

पाऊस मात्र सोडवत नाही. आषाढात छतावरच्या हवेच्या झरोक्याभोवती ओल आली. आधी नुसता कुबट वास, मग आतल्या प्लायला फुगवटा. झरोक्याच्या कडेला साधं सिलिकॉन लावलेलं होतं. उन्हाने आणि कंपनाने ते पत्र्यापासून सुटलं. दोन ठिकाणच्या लोकांनी त्यावरच नवं सिलिकॉन थापलं आणि दोन्ही वेळा आठवडाभरात पाणी परत आलं, कारण जुन्या सिलिकॉनला नवं धरतच नाही. शेवटी कळंबोलीला बस-ट्रकच्या काचा बसवणाऱ्या एका मिस्त्रीने काम हातात घेतलं. गाडी उंच पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवस सुकवली, जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून पत्रा पूर्ण मोकळा केला, आणि काचेला वापरतात ते पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरलं. हे सीलंट घट्ट धरतं आणि तरी लवचीक राहतं. पुढचा सगळा पाऊस कोरडा गेला. सोलर पॅनेलच्या पायांखाली अजून जुनंच सिलिकॉन आहे, ते एप्रिलमध्ये, छत कोरडं असताना करून घेणार आहोत.

मुक्कामाबद्दल. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण आमच्या वाटांवर वीज-पाण्याची सोय असलेली खास जागा आम्हाला मिळाली नाही. घरगुती राहण्याच्या ठिकाणी अंगणात गाडी लावून, थोडे पैसे देऊन लाइट घेतो. एसी पाऊण-एक हजार वॉट घेतो, नुसत्या बॅटरीवर तो पाच-सहा तासांत सगळं संपवेल, त्यामुळे मे महिन्यात बाहेरची लाइट लागतेच. गुहागरला गाडी जोडली आणि मुलाला अनवाणी दाराच्या कडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. सॉकेटला अर्थिंग नव्हतं. आता प्लग लावण्याआधी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावतो, अर्थिंग नसेल तर जोडतच नाही, एसीविना झोपतो. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला.

गाडीतल्या संडासाचा मैला साठायची पेटी वीस लिटरची, चाकांवर ओढत नेता येते. ती नेहमी बाहेरच्या पक्क्या संडासातच रिकामी करतो, ढाब्यावर मालकाला विचारून, नाहीतर घरी. अडवलं कोणी नाही. आई आता खिडकीशी पाण्याची बाटली घेऊन बसतात आणि मनसोक्त पितात. फक्त एवढ्यासाठीसुद्धा मी ही गाडी पुन्हा घेईन.

एक काम बाकी आहे, गॅसचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारं भोक लागतं आणि कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद असावा लागतो. आमच्या कप्प्याची जाळी वरच्या अंगाला आहे आणि दार झोपायच्या जागेकडे उघडतं. नवा कप्पा बाहेरून उघडणारा, पाच किलोच्या सिलिंडरच्या मापाचा करून घ्यायचा आहे. तोवर सिलिंडर गाडीत चढवत नाही. स्वयंपाक इंडक्शनवर. त्याला दीड हजार वॉटला बॅटरीतून सव्वाशेच्या वर अँपिअर जातात, म्हणून भात-वरण कुकरमध्ये एकदमच लावतो आणि पोळ्या घरून करून नेतो.