रात्रीचं दुखणं की सकाळचं लंगडणं?

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आठवड्यातून दोनदा तरी रात्री रडत उठायचा. "आई, पाय." दोन्ही पोटऱ्या, कधी गुडघ्यामागची लवण. कोमट खोबरेल लावून दहा मिनिटं चोळलं की झोपायचा आणि सकाळी सातला सोसायटीत सायकल. त्याच वर्षी माझी तीन वर्षांची भाची एकदाही "दुखतंय" म्हणाली नाही. ती फक्त सकाळी उठल्या उठल्या "कडेवर घे" म्हणायची. अंघोळ होईपर्यंत डावा पाय ओढत चालायची आणि दहा-अकरानंतर काही झालंच नाही अशी धावायची. घरात काळजी चालली होती माझ्या मुलाची. भाचीला मात्र सगळे लाडावलेली म्हणत. सांध्यांचा आजार निघाला तो तिला, बालसंधिवात.

म्हणून पोराचं पाय दुखणं किती जोरात आहे यापेक्षा ते किती वाजता आहे, हे मी आधी विचारते. वाढीचं दुखणं (नाव तसं असलं तरी उंची वाढण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही) साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांना होतं. ते संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत, मांड्या-पोटऱ्यांत होतं, सांध्यात नाही. सकाळी मूल ठणठणीत. बालसंधिवाताचं उलटं. रात्रभर आखडलेला सांधा सकाळी सुटत नाही, दुपारी झोपून उठल्यावर पुन्हा तसंच, आणि हलत राहिलं की मोकळा होतो.

हाताला लागणारा फरकही आहे. वाढीच्या दुखण्यात मूल पाय पुढे करून दाबून मागतं. सांधा सुजलेलं मूल बऱ्याचदा हात लावू देत नाही. मुलाला पाय पसरून बसवा आणि दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघा. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे एका गुडघ्यावर बुजलेत का? पालथ्या हाताला तो गुडघा जास्त गरम लागतो का? भाचीचा लागायचा. आम्ही म्हणायचो, पडली असेल कुठेतरी.

लहान मुलं दुखतं असं सांगत नाहीत, ती गोष्टी सोडून देतात. मांडी घालून बसत नाहीत, उकिडवं बसायला कुरकुरतात, जिना दोन्ही पाय एकेका पायरीवर ठेवून उतरतात. इंग्लंडमधल्या बालसंधिवाततज्ज्ञांनी २००६ साली 'पी-गॅल्स' नावाची छोटी तपासणी मांडली, तिच्या सुरुवातीच्या तीन प्रश्नांतले दोन अशाच गोष्टींचे: कपडे घालायला त्रास होतो का, जिना चढता-उतरता येतो का.

रक्ततपासणीवर फार भिस्त ठेवू नका. मोठ्यांच्या संधिवातात बघतात तो आर.ए. फॅक्टर बालसंधिवाताच्या सुमारे पाच टक्केच मुलांत सापडतो. "रिपोर्ट निगेटिव्ह आहे, कॅल्शियम द्या," यावर आमचे पाच महिने गेले. निदान मुख्यतः बघून, हात लावून होतं: सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेला आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकलेला संधिदाह, ज्याला दुसरं कारण सापडत नाही. पण कारणं तपासायला सहा आठवडे थांबायचं नसतं. आपल्याकडे एकच सांधा सुजून राहिला तर क्षयाचाही विचार करावा लागतो.

ए.एस.ओ. या रक्ततपासणीचं (घशाला जंतुसंसर्ग होऊन गेल्याची ती खूण) उलटं. घसा येऊन गेलेल्या कितीतरी मुलांत तो वाढलेला असतो. नुसत्या त्या आकड्यावर आणि पायदुखीवर संधिवाताचा ताप ठरवून वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू होत असतील, तर आधी दुसरं मत घ्या. खरा संधिवाताचा ताप घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. आज गुडघा, परवा घोटा, असं दुखणं फिरतं. तो हृदयाच्या झडपांना धरतो, म्हणून तिथे इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच आणि ती इंजेक्शनं चुकवायची नाहीत.

थांबायचं कधीच नाही अशी एक अवस्था आहे. मूल फिकट दिसतंय, ताप येतोय, वजन उतरतंय आणि दुखणं हाडात आहे, सुजेच्या मानाने फारच जास्त. हा रक्ताचा कर्करोग असू शकतो. तो नाही याची खात्री होण्याआधी स्टिरॉइड दिलं तर खूण पुसली जाते आणि निदान लांबतं.

वाढीचं दुखणं असेल तर मालिश, शेक आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल, बस. सांधा असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून बालसंधिवाततज्ज्ञांकडे. आणि डोळे! भाचीसारख्या लहान मुलींमध्ये, विशेषतः ए.एन.ए. ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर, डोळ्याच्या आत दाह सुरू होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, आणि नजर जाऊ शकते. तो फक्त नेत्रतज्ज्ञांच्या स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) दिसतो. तिची तपासणी दर तीन महिन्यांनी असते आणि गुडघा बरा असला तरी ती टळत नाही.

जाताना सकाळचा व्हिडिओ काढून न्या, पलंगावरून उतरल्यापासूनचा. आमची अपॉइंटमेंट साडेबाराची होती आणि भाची डॉक्टरांच्या केबिनमध्ये वजनकाट्यावर उड्या मारत होती. तिचं लंगडणं त्यांना दिसलं ते माझ्या बहिणीच्या फोनवर.