गिरणीचं शिसं म्हणून घेतलेल्या लाद्या

हिप्परगा तलावावर किंवा उजनीच्या काठाला फेकजाळे टाकणारे बरेच जण जाळ्याच्या कडेला वजनासाठी लावायच्या शिशाच्या गोळ्या घरीच ओततात. एका जाळ्याला तीन ते पाच किलो शिसे लागते, आणि बाजारातल्या तयार गोळ्या महाग पडतात. म्हणून भंगार घेणे आले, आणि फसवणूकही तिथेच होते. खाली दिलेला प्रकार सोलापुरातल्याच एका भंगार दुकानातला आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण हीच युक्ती कुठेही चालू शकते.

सौदा असा झाला : १२ लाद्या (वितळवून ओतलेले शिशाचे ठोकळे), प्रत्येकी साधारण पाच किलो. "अण्णा, जुन्या गिरणीतलं शिसं हाय, डोळं झाकून घ्या की ओ." सोलापुरात गिरणीचे नाव काढले की माणूस निम्मा विरघळतो. लाद्या वरून राखाडी, कोपऱ्यावर नखाने ओरखडा उठत होता, कागदावर घासल्या की पेन्सिलीसारखी रेघ येत होती. कोपऱ्यापुरते ते शिसेच होते. पण तीन लाद्यांच्या पोटात लोखंडी नटबोल्टचे तुकडे निघाले आणि काहींच्या धातूत जस्त मिसळलेले होते. लोखंडाने पैसे बुडाले, जस्ताने कढईतला सगळा माल नासला. दोन्हींत जस्ताचे नुकसान मोठे.

मूळ चूक लादी घेण्यातच होती. सुट्या भंगाराचा आकारच त्याचे कूळ सांगतो, लादीला कूळ नसते. बिडाच्या जुन्या पाण्याच्या पाइपांच्या सांध्यातून निघालेले शिसे (माती आणि सुताचे धागे चिकटलेले असतात), जुन्या केबलीचे वेष्टन, एक्स-रे खोलीचे पत्रे, मालाला लावायची सिले : हे सगळे जवळजवळ शुद्ध आणि मऊ. गोळी दोरीवर चेपून बसवायची असेल तर असाच माल हवा. केबलीत तेलकट कागद राहिला असेल तर तो कढईत भडकतो, म्हणून आधी सोलून घ्यावा. छापखान्याचे जुने खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, दिसायला शिसे, पण त्यात अँटिमनी (एक ठिसूळ धातू) आणि कथील बरेच असते. त्यांची गोळी चेपताना तडकते. शिवाय खिळ्यांचा धातू साध्या शिशापेक्षा महाग, तो गोळ्यांत घालणे म्हणजे हातचे पैसे पाण्यात सोडणे.

टायरवाल्याकडची, चाकाला लावायची बॅलन्सिंगची वजने घेत असाल तर एकेक हातात घेऊन निवडा. काहींवर इंग्रजीत पीबी, झेडएन किंवा एफई अशी अक्षरे असतात : अनुक्रमे शिसे, जस्त, लोखंड. अक्षर नसेल तर वजन फरशीवर टाका. शिसे 'थड' करते, जस्त आणि लोखंड खणखणतात. लोखंड चुंबकाने निघते, पण क्लिप बहुतेक वजनांची पोलादीच असते, म्हणून चुंबक क्लिपला नाही, अंगाला लावायचा. मग कटर पक्कड. शिशात पाते सहज रुतते, जस्तावर नुसता चरा उठतो. शेवटी शंका उरलीच तर संडास धुण्याच्या ॲसिडचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, एक थेंब घासून चकचकीत केलेल्या जागी टाका. जस्तावर लगेच बुडबुडे उठतात, शिशावर काही होत नाही. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे, आणि तो तुकडा धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय कढईजवळ न्यायचा नाही. मोपेडचे जुने कार्ब्युरेटर आणि नळांच्या चकचकीत मुठी यांचा धातू बहुधा जस्ताचा असतो. "जड आहे म्हणजे शिसेच" असे म्हणून ते पोत्यात ढकलले जातात.

आता लादीच घ्यायची वेळ आली तर. चुंबक वरून लावून उपयोग नाही, अर्धा इंच शिशाच्या आड लोखंड असले तर साधा चुंबक ओढ घेत नाही. पाण्याची परीक्षा मात्र पोटातले सांगते, आणि तिला स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो (काटा घरचा वापरलात तर मध्ये प्लास्टिक घाला, आणि भांडे पुन्हा खाण्याच्या कामाला नको). लादी आधी नीट तोलून घ्या. मग भांड्यात तीनेक लिटर पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. लादी दोरीला बांधून हाताने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके मिलिलिटर लादीचे आकारमान.

शुद्ध शिशाची घनता मिलिलिटरला ११.३४ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ८८ ग्रॅम दिसायला हवेत, पाच किलोला ४४१. लोखंड किलोमागे १२७ दाखवते, जस्त १४०. वर सांगितलेल्यांतली एक लादी ५.०२ किलोची होती. ४४३ हवे तिथे काट्याने ४९२ दाखवले. शिशाच्या जागी एक किलो लोखंड शिरले की आकडा साधारण ३९ने वाढतो, म्हणजे ४९ जास्त याचा अर्थ पोटात सव्वा किलो लोखंड. करवतीने मधोमध कापल्यावर तेच निघाले. मात्र ४८० ते ४९०चा आकडा खिळ्यांच्या धातूचाही येऊ शकतो, म्हणून आकड्यावरून भांडण काढण्याआधी लादी कापून बघा. कापायला नकार देणाऱ्याकडून मालच घेऊ नका.

पाण्याच्या परीक्षेतून निसटते ते थोडे जस्त. पाच किलो लादीत दोन टक्के जस्त असेल तर आकडा ४४६ येतो. पाच ग्रॅमचा हा फरक हाताच्या थरथरीत बुडतो. ॲसिडही इतक्या थोड्या जस्ताला ठळक दाद देत नाही. इथे उपाय एकच : आधी एक लादी घ्यायची, घरी वितळवून चार गोळ्या ओतायच्या, मग बाकीचा सौदा. सगळा माल एकदम उचलल्यावर तक्रारीला कोणी विचारत नाही, "भंगारात परत नसतं" हे उत्तर तयार असते.

जस्त मिसळलेले शिसे ओळखू येते. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि स्वच्छ असेल तर आरशासारखे पातळ राहते. जस्त असेल तर वर जाड, सुरकुतलेली साय धरते, काढली की पुन्हा येते, आणि रस फाटलेल्या दुधासारखा गुठळ्या धरतो. मेणाचा खडा टाकून ढवळले की नेहमीचा मळ कोरडी राख होऊन सुटतो, ही साय सुटत नाही. साच्यात कोपरे भरत नाहीत, गोळीचे भोक अर्धवट राहते. काही जण आच वाढवून रस पातळ करू बघतात. तसे केल्याने धूर आणि मळ तेवढा वाढतो.

सुट्या मालात चुकून जस्ताचा तुकडा आला तरी वाचता येते, कारण जस्त ४१९ अंशांना वितळते आणि शिशावर तरंगते. आच मंद ठेवून रस ४०० अंशांच्या खाली राखा, तरंगणारे सगळे झाऱ्याने लगेच काढा. लगेच अशासाठी, की वितळलेल्या शिशात घन जस्तही हळूहळू विरघळत राहते. भरलेल्या कढईखाली एकदम मोठी आच लावली तर वरचे भंगार वितळायच्या आत तळचे शिसे ४२० पार करते आणि जस्त गुपचूप आत जाते. आणखी एक घरचा चोर : जस्ती पत्र्याची बादली किंवा पळी. तिचा मुलामाच शिशात उतरतो. जाड लोखंडी कढई वापरा, ॲल्युमिनियमची कधीच नको.

भंगारात कथिलाची कांब सापडली तर वेगळी ठेवा, तिला शिशाच्या दहापटीहून जास्त भाव असतो. वाकवली की ती करकरते, शिसे मुकाट वाकते. हीच फसवणूक उलट्या बाजूनेही चालते : कल्हईसाठी कथील म्हणून शिसे मिसळलेली कांब गळ्यात मारतात, आणि ते शिसे जेवणाच्या भांड्यात जाते.

बॅटरीच्या प्लेटा स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. शिसे थोडे निघते, मळ फार. त्या मळाला ओल लागली तर अँटिमनी आणि आर्सेनिकचे विषारी वायू सुटू शकतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवी.

ओल्या भंगाराबद्दल एवढेच : तापलेल्या रसात पाण्याचा एक थेंब बुडाला तरी वाफ होऊन रस अंगावर उडतो. नवा तुकडा टाकण्याआधी कढईच्या काठावर तापवून घ्या. काम उघड्यावर, पोरांना लांब ठेवून. राखेची धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि राख झाकणाच्या डब्यात भरा. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

जस्त निघालेल्या लाद्या पुन्हा भंगारात विकल्या की दुसऱ्या कुणाची कढई नासते. त्या ताडपत्री दाबायला किंवा होडीच्या नांगराला तशाच वापरता येतात. मात्र छिन्नीने प्रत्येकीवर ठळक 'ज' कोरून ठेवा, वर्षभराने त्या चांगल्या शिशाच्या ढिगात ओळखू येत नाहीत.