नॅन आला तर अडवायचा, वाहू द्यायचा की वगळायचा?

लातूर-बीडकडच्या महसूल मंडळांच्या रोजच्या पावसावर कोणी लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड) लिहायला घेतली, की दोन-चार फाइलींतच नॅन (NaN, 'नॉट अ नंबर', म्हणजे आकड्याच्या जागी आलेली 'आकडा नाही' अशी खूण) भेटतो. पर्जन्यमापक बंद पडलं, नोंद आली नाही, रकाना रिकामा राहिला. अशा वेळी फंक्शननं काय करायचं, याचे तीन रस्ते आहेत.

पहिला, दारातच अडवणं. पायथनमधल्या सायपाय या गणिती लायब्ररीच्या रेषीय बीजगणितातली बरीच फंक्शनं मुळात असंच करतात: नॅन किंवा अनंत (इन्फिनिटी) दिसला की थेट एरर. ही तपासणी 'चेक_फायनाइट' बंद करून टाळता येते, थोडा वेळही वाचतो. पण मग आतला कोड अडकून बसू शकतो किंवा कोसळू शकतो. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न लायब्ररीची बहुतेक मॉडेलंही नॅन घेत नाहीत. वापरणारा चिडतो खरा, पण चूक कुठं आहे ते त्याला लगेच कळतं.

दुसरा, वाहू देणं. पायथनच्याच नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची साधी सरासरी एका नॅनपायी सगळीच नॅन होते. मला हे प्रामाणिक वाटतं. अडचण तुलनेत येते. संगणकातल्या दशांश आकड्यांसाठीच्या 1985 च्या आयईईई 754 मानकानुसार नॅन कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा नाही, लहान नाही, स्वतःइतकाही नाही. 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. 'पाऊस 65 पेक्षा जास्त' ही अट नॅनवर खोटी ठरते आणि मंडळ अतिवृष्टीच्या यादीतून गुपचूप बाहेर जातं. तीच अट उलटी, म्हणजे '65 किंवा कमी नसेल तर' अशी लिहा, तेच मंडळ यादीत येऊन बसतं! दोन्ही वेळा एररचं नाव नाही.

तिसरा, वगळणं. पांडाज ही तक्त्यांसाठीची पायथन लायब्ररी नॅन न विचारताच वगळते. सरासरीला ते एक वेळ चालेल, बेरजेला नाही. एखाद्या मंडळाच्या जूनच्या सगळ्या नोंदी नॅन असतील तर बेरीज 0 येते, म्हणजे कोरडा जून. 'मिन_काउंट' (बेरजेसाठी किमान किती खऱ्या नोंदी हव्यात) 1 ठेवला तर नॅन मिळतो. अनंत मात्र वगळला जात नाही, तो वेगळा शोधावा लागतो.

माझं मत विचाराल तर फाइल वाचतानाच अनंत आणि ऋण पाऊस अडवा, नॅन आत वाहू द्या, आणि तुलनेआधी प्रत्येक वेळी नॅन तपासा. वगळायचंच असेल तर वापरणाऱ्यानं तसं लिहून मागावं, आणि उत्तरासोबत किती नोंदी धरल्या तेही परत द्या.

सी किंवा सी++ मध्ये लिहिणार असाल तर जीसीसी या कंपायलरचा (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा) 'फास्ट-मॅथ' हा वेग वाढवणारा पर्याय लावू नका. त्यात कंपायलर नॅन येणारच नाही असं धरून चालतो, आणि तुमची नॅनची तपासणीच काढून टाकू शकतो.