१२५ डॉलर वाचवायला गेलो, २५२३ घालवून बसलो

ऑनलाइन दुकानासाठी थेट फॅक्टरीतून माल उचलायच्या विचारात असाल तर वाचा. हसायचं तर हसा, घरचे हसून झालेत.

ड्रॉपशिपिंग (माल स्वतः न साठवता, ऑर्डर आली की सप्लायरकडून थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा) करून पाहिलं होतं. मार्जिन नावाला, आणि माल खराब निघाला की शिव्या आपल्याला. होलसेलरचा रेट परवडेना. म्हणून परदेशातल्या फॅक्टरीकडून ५०० टेबल लॅम्प घ्यायचे ठरवले. डोळे झाकून नाही हं! पोर्टलवर व्हेरिफाइड सप्लायर शोधला, ३८ डॉलर भरून सॅम्पल मागवलं, आठ दिवस रोज लावून बघितलं. उत्तम होतं. सॅम्पल उत्तमच असतं. दुसऱ्याकडून विकत घेऊनही पाठवता येतं.

पोर्टलवर रेट ४.४५ डॉलर. मग सप्लायरकडच्या बाई चॅटवर आल्या: कमिशन वाचेल, पैसे पोर्टलच्या बाहेरून द्या, ४.२० लावते. एस्क्रोतले, म्हणजे पोर्टलकडे अडकवून ठेवलेले पैसे माल मिळाल्याशिवाय सुटत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी १२५ डॉलरला भुललो. एकूण २१००, ३० टक्के ॲडव्हान्स, बाकीचे माल निघताना. या धंद्यात असंच चालतं, त्यामुळे ६३० पाठवताना काही वावगं वाटलं नाही.

माती खाल्ली ती पुढे. १४७० भरायच्या वेळी इनव्हॉइसवर खातंच बदललेलं. आधी कंपनीचं, आता कुणा माणसाच्या नावाचं. विचारलं, तर म्हणे ऑडिट चालू आहे, कंपनीचं खातं महिनाभर बंद. मी लिहिलं, "ओके, नो प्रॉब्लेम." वर अंगठा. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे, दिसला की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. त्या माणसाचं नाव बँकेच्या फॉर्मात मी माझ्या हातांनी टाइप केलं, स्पेलिंग दोनदा तपासून! खातं बदललं की व्यवहार तिथेच थांबवा. कारण ऐकतसुद्धा बसू नका.

मग बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची पीडीएफ आली. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. माझ्यात आकडे सहाच. कोण मोजतं? मोजा. आणि नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. मी टाकला तो 'कस्टम क्लिअरन्स'चे ३८५ भरून झाल्यावर. 'नॉट फाउंड'.

बँक म्हणाली, ट्रान्सफर तुम्हीच केलीत. रिकॉल, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज टाकला, तर समोरची बँक म्हणे, समोरचा खातेदार तयार झाला तरच पैसे परत. म्हणजे चोराची परवानगी! पोर्टल म्हणालं, पैसे बाहेरून दिलेत, संरक्षण नाही. मग त्या 'व्हेरिफाइड'च्या टिकल्या कशाला वाटता? पोलिसांनी तीन फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्यांदा प्रिंट कमी, दुसऱ्यांदा साहेब नाहीत, तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलं, "एवढे लॅम्प कशाला हवे होते?" तक्रार घेतली, पण पार्टी परदेशात म्हणून ती पडून आहे. तरी ट्रान्सफरची पावती आणि चॅट जपून ठेवा, आणि बँकेला त्याच दिवशी कळवा. मी नऊ दिवस वाट बघितली, बाई रोज "उद्या नक्की" म्हणत होत्या म्हणून.

माल कंटेनरमध्ये भरण्याआधी त्रयस्थ माणसाकडून इन्स्पेक्शन करून घ्या. मला तो खर्च फालतू वाटला होता.

काल पोर्टलवर तोच लॅम्प दिसला, तेच फोटो, कंपनीचं नाव वेगळं. रेट ४.१०. मी रिपोर्ट केला. दोन तासांत उत्तर आलं: तपासणीत नियमभंग आढळला नाही.