थ्री-ए लेव्हल जाकीट : एक उन्हाळा आणि एक गोळी

ग्वाल्हेरात कॅश व्हॅनवर गनमन आहे. एजन्सीची बुलेटप्रूफ जाकिटं घामाने कुजलेली, म्हणून हे थ्री-ए लेव्हलचं, म्हणजे पिस्तुलाची गोळी अडवणारं, पदरमोड करून घेतलं. मे महिन्यात महाराज बाड्याच्या चौकात उभं राहिलं की कव्हर पिळून काढावं लागे. तेव्हा लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते.

मग लग्नसराईत शहराच्या लश्कर भागातल्या एका वरातीत हर्ष फायरिंगची, म्हणजे आनंदाच्या भरात झाडलेली, गोळी डाव्या बरगडीवर बसली. कव्हराच्या आतल्या पॅनेलने, म्हणजे गोळी रोखणाऱ्या थराने, ती अडवली. पण दणका असा की मी मटकन खाली बसलो, श्वासच घेता येईना. बनियन वर केलं तर वाटीएवढा काळानिळा डाग, मधोमध कातडी सोललेली.

गोळी थांबते, तिचा जोर थांबत नाही. पॅनेल आतल्या बाजूला फुगतं आणि बरगडी, फुप्फुस, प्लीहा यांवर आदळतं. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या ०१०१.०६ मानकात चाचणीवेळी जाकिटामागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला तरी जाकीट पास! म्हणजे पावणेदोन इंच. शरीर म्हणजे माती नव्हे, मान्य. पण हा आकडा १९७०च्या दशकात बकऱ्यांवर केलेल्या चाचण्यांवरून धरलाय, हे विकताना कोणीच सांगत नाही.

कॅज्युअल्टीत भोक दिसलं नाही म्हणून मलम आणि पेनकिलर देऊन घरी धाडलं. रात्री खोकल्यातून रक्त आलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ईसीजी, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाला मार बसलाय का ते कळायला), पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे असं सगळं केलं. एक्स-रेत फारसं काही नव्हतं, सीटीत फुप्फुसाला मार दिसला. ही सूज २४ ते ४८ तासांत वाढू शकते, म्हणून ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला.

वॉरंटी पाच वर्षांची, पण कंपनी म्हणते गोळी लागलेलं पॅनेल तिच्यात येत नाही. फोनवर खूप भांडलो. आता तो राग उरला नाही. मार खाल्लेलं पॅनेल बाद करायचंच असतं आणि त्याने आपलं काम केलं. राग पुस्तिकेचा आहे. कव्हर कसं धुवायचं यावर अख्खं पान, पण ‘गोळी अडली तरी लगेच दवाखान्यात जा, जाकीट डॉक्टरांना दाखवा’ ही एक ओळ नाही. ती छापायला काय खर्च येतो?

जाकिटाला चार स्टार, पुस्तिकेला शून्य. नवं पॅनेल याच कंपनीचं घेतलंय, पूर्ण पैसे मोजून. दुसऱ्यांचं या कव्हरात बसत नाही.