कडे डॅगोरचे, भिंगे दुसऱ्याच लेन्सची

मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यासाठी मी घेतलेल्या जुन्या लेन्सच्या पुढच्या कड्यावर ‘डॅगोर’ असे कोरलेले होते, आणि विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांत ते कडेच तेवढे स्वच्छ दिसत होते. एमिल फॉन होएग यांनी १८९२ मध्ये आखलेल्या या रचनेत डायफ्रॅमच्या, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पडद्याच्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन भिंगे एकमेकांना चिकटवलेली असतात. मागचा गट एकटाही वापरता येतो, हा विक्रेत्याने दिलेला पुरावा मी मान्य केला. त्याने टेसर ही दुसरी जुनी लेन्स-रचना वगळली जाते, हे खरे, पण तेवढेच.

कॅमेऱ्याच्या मागच्या, प्रतिमा पाहण्याच्या दुधी काचेवर मध्यभाग सुरेख उमटला, कोपरे मात्र डायफ्रॅम बराच मिटूनही सुधारेनात. तिथल्या आडव्या रेषा स्पष्ट केल्या की उभ्या पुसट होत आणि उभ्या साधल्या की आडव्या बिघडत. हा अस्टिग्मॅटिझम, आणि डॅगोर तर हाच दोष घालवण्यासाठी घडवलेली! भिंगांमधला बाल्सम, म्हणजे ती चिकटवणारा पारदर्शक डिंक, सुटला असेल, असे विक्रेत्याने कळवले; परंतु बाल्सम सुटल्यावर कडेला दिसणारी इंद्रधनुषी झाक कुठेच नव्हती.

मग मी खरेदीपूर्वीच करायला हवी होती ती तपासणी केली. अंधाऱ्या खोलीत एकाच दिव्याखाली पुढचा गट तिरपा धरून मी प्रतिबिंबे मोजली. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठावरून ठळक प्रतिबिंब येते, तर चिकटवलेल्या जोडावरून मंद. डॅगोरच्या एका गटात दोन ठळक आणि दोन मंद प्रतिबिंबे दिसायला हवीत. मंद प्रतिबिंब नजरेतून सहज सुटते, म्हणून मी तीन वेळा मोजले; दोन ठळक आणि एकच मंद. मागच्या गटातही तेच. म्हणजे सहा नव्हे, चारच भिंगे: १८६६ मध्ये डालमायर आणि स्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे काढलेली रॅपिड रेक्टिलिनिअर रचना. तिचाही अर्धा भाग एकट्याने चित्र देतो, त्यामुळे विक्रेत्याचा पुरावा दोघींनाही सारखाच लागू पडत होता. कड्याच्या आतल्या बाजूला कानशीचे ताजे ओरखडे होते, ते मला कडे उघडल्यावर दिसले.

मोजणीची छायाचित्रे पाठवल्यावर त्याने उत्तर दिले की, कड्यावरचे नाव अस्सल आहे. ते होतेच. हल्ली मी दोन्ही गटांची दिव्याखालची तिरपी छायाचित्रे आधी मागवतो.