तिजोरी हलवायची : घरच्यांनी की सराईत हमालांनी?

जुन्या पेढीतील तिजोरी तळमजल्यावरच, सपाट फरशीवरून शेजारच्या खोलीत न्यायची असेल, तर पहार, लोखंडी पाइपांचे तुकडे आणि शांत डोक्याची चार माणसे एवढ्यावर काम भागते : आतला ऐवज काढून दाराला कुलूप घालावे, तिजोरी पाइपांवर चढवावी आणि मागे मोकळा होणारा पाइप उचलून पुढे ठेवीत जावे. खाली प्लायवूड अंथरले नाही, तर फरशीचे टवके उडतात.

जिना आला की हिशेब बदलतो. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता साधारण 408 किलो असते; म्हणजे 500 किलोंची तिजोरी तीत चढवता येत नाही, आणि जिन्यात ती कलली, तर बहुतेक भार खालच्या माणसांवर येतो, शिवाय जाड दारामुळे तिचा तोल मुळातच पुढे झुकलेला असतो. अशा वेळी चेन पुली घेऊन येणाऱ्या सराईत टोळीलाच बोलवावे, असे माझे मत आहे. त्यांची मजुरी टोचते खरी (घासाघीस करायला हरकत नाही), परंतु वजन, मजले आणि वळणे आधी दाखवून, फुटलेल्या पायरीची भरपाई कोणी करायची हे लेखी ठरवून घ्यावे.